तुझ्या नावावर माझा आवाज

सुधाकर, तुझ्या आवाजाबद्दल लिहायचं आहे. डोळ्यांबद्दल सगळेच बोलले. तुझ्या तेरवीला आंजी गावातल्या घरी जो येत होता तो डोळ्यांवरच येत होता. "डोळे गेले तवापासून खचला पोरगा," तुझे काका सांगत होते आणि लोक माना हलवत होते. मी पंगतीत शेवटी बसून वरण-भात कालवत राहिलो. डोळे गेल्यानं तू खचला नव्हतास. डोळे गेल्यावर तू मला ज्या शिव्या घातल्यास त्या खचलेल्या माणसाच्या नव्हत्या. तू खचलास तो त्यानंतर चार वर्षांनी, एका सोमवारी, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान. त्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसलो होतो. का खचलास हे फक्त मला माहीत आहे. तुलाही माहीत नव्हतं.

मला बोलायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बाकावर तू माझ्या वाटचंही बोलून घ्यायचास. आंजीहून पहिल्या एसटीनं वर्ध्याला यायचं, सात ते आठ टायपिंग, आठ ते नऊ शॉर्टहॅण्ड. सर आजारी असले की डिक्टेशन द्यायला तुलाच उभं करायचे. एका हातात घड्याळ, एका हातात उतारा. मिनिटाला ऐंशी शब्दांच्या स्पीडनं तू वाचायला लागलास की पाच मिनिटं संपताना शेवटचा शब्द नेमका काट्यावर पडायचा. पोरी म्हणायच्या, सरांपेक्षा सुधाकरदादा बरा, त्याच्या बोलण्याबरोबर पेन्सिल आपोआप चालते. माझीही चालायची. शंभरच्या परीक्षेला तू एकदा बसलास आणि पास झालास. मी दोनदा बसलो आणि दोनदा नापास झालो.

तुला सरकारी ऑफिसात स्टेनोची नोकरी लागली. मी इन्स्टिट्यूटमध्येच शिकवत राहिलो आणि टाइपरायटरचे दिवस संपत आले तेव्हा सिंदी मेघेत तीन कॉम्प्युटर मांडून क्लास काढला. त्या क्लासचे सगळे अर्ज, बँकेचे, विजेचे, तूच तोंडी सांगितलेस आणि मी टाइप केले. "अशोक, तुहे हात अन् माहं तोंड," तू म्हणालास, "दोघं मिळून एक पुरा स्टेनो होते बे." मी हसलो. थोडं लागलंही होतं. हे आज पहिल्यांदा सांगतो आहे, कारण पुढचं सगळं त्या थोड्याशा लागण्यापाशी येऊन थांबतं.

शुगरनं तुझी नजर नेली तेव्हा तू चाळिशीलाही आला नव्हतास. ऑफिसनं तुला काढलं नाही, कायद्यानं काढता येत नव्हतं. पण तुला नुसतं बसून पगार घ्यायचा नव्हता. नागपूरला दोन महिने राहून तू स्क्रीन रीडर शिकून आलास, म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते कानात बोलून सांगणारं सॉफ्टवेअर. त्याचा आवाज घोगरा, परदेशी. 'पुलगाव' आणि 'सेलू' ही नावं तो अशी काही उच्चारायचा की तू त्याचं नाव 'गोऱ्या' ठेवलंस. की-बोर्डच्या कळा तुझ्या बोटांना पाठच होत्या. गोऱ्या कानात बोलायचा, तुझी बोटं टाइप करायची आणि ऑफिसची इंग्रजी पत्रं पूर्वीसारखी बिनचूक जायची. त्या दोन-तीन वर्षांत तू बसस्टॅण्डवर लोकांना थांबवून सांगायचास, "डोळे असनाऱ्याईपेक्षा माह्या चुका कमी हायेत. बडे बाबूले विचारा." बडे बाबू म्हणजे तुमचे हेडक्लार्क. त्यांना विचारायची गरज नव्हती, ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

मग बोटं गेली. दिसायला होती, पण टोकं बधिर झाली. कुठली कळ दाबली हे बोटाला कळेना. वहिनींनी की-बोर्डच्या दोन कळांवर डिंकानं तुरीच्या डाळीची एकेक पाकळी चिकटवून दिली, म्हणजे हात ठेवायची जागा तरी सापडेल. काही महिने त्या डाळीवर निघाले. मग तीही लागेना. एका पत्रात सतरा चुका निघाल्या. बडे बाबूंनी ते पत्र कोणाला न दाखवता स्वतः पुन्हा टाइप केलं, आणि ही गोष्ट तुला शिपायाकडून कळली. त्या संध्याकाळी तू क्लासवर आलास, काठी भिंतीला टेकवलीस आणि म्हणालास, "अशोक, आता तोंडच राह्यलं गड्या."

डिक्टेशनच्या सॉफ्टवेअरची बातमी तूच आणलीस. नागपूरच्या वर्गातल्या कोणा मित्रानं फोनवर सांगितलं होतं की आता बोललं की मशीन लिहितं. मी नागपूरहून सीडी आणवली. आणि आपलं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं, गोऱ्या आणि हा नवा स्टेनो एका मशीनमध्ये नांदणार नाहीत. माझं म्हणणं, का नाही नांदणार? एक बोलतो, एक लिहितो, दोघांची कामं वेगळी.

पहिला प्रयोग आठवतो? त्यात आवाजाची ओळख करून द्यायची पायरी मी सरळ वगळली होती, नुसतं चालतं का ते बघायला. तू माईकमध्ये एक ओळ बोललास. मशीननं जमेल तशी लिहिली. लिहिली म्हणून गोऱ्यानं ती स्पीकरवरून वाचली. गोऱ्या वाचतो आहे ते माईकनं ऐकलं, म्हणून मशीननं तेही लिहिलं. लिहिलं म्हणून गोऱ्यानं पुन्हा वाचलं.

"काय चालू हाय बे?" तू विचारलंस.

"पान भरलं."

"मी तं एकच ओळ बोललो!"

"हे दोघं आपसातच बोलून राह्यले."

"मले इचारत बी नाई?"

"नाही."

"म्हनजे सरकारी ऑफिसच झालं लेका," तू म्हणालास आणि इतका हसलास की माईकनं तेही घेतलं आणि त्याचे तीन इंग्रजी शब्द केले. गोऱ्यानं ते तीन शब्द अत्यंत गंभीरपणे वाचून दाखवले. मग आपल्याला थांबवता येईना.

दुसऱ्या दिवशी हेडफोन आणला. गोऱ्या फक्त तुझ्या कानात, माईक तुझ्या तोंडाशी. दोघांचं भांडण मिटलं. मशीन रडत रडत चालायचं, दोन्ही एकदम चालवायला त्याची ताकद अपुरी होती, पण चालायचं. चूक दुरुस्त करायची खिडकी गोऱ्याला वाचता येत नव्हती, त्यावर तू तोड काढलीस, की दुरुस्त करायचंच नाही. चुकलेलं वाक्य पुरं खोडायचं आणि नव्यानं बोलायचं. वाक्य खोडायला एक कळ, ती तू बोटाच्या पेरानं दाबायचास. भांडणात मी जिंकत आलो होतो.

अडलं ते आवाजाच्या ओळखीवर. त्या सॉफ्टवेअरला आधी माणसाचा आवाज शिकवावा लागायचा. पडद्यावर एक लांब इंग्रजी उतारा यायचा आणि तो मोठ्यानं वाचायचा. अर्ध्या तासाचं काम. तुम्ही वाचाल तसा एक छोटा बाण शब्दांखालून पुढं सरकायचा. ज्यांनी ते सॉफ्टवेअर केलं त्यांच्या डोक्यात आंधळा माणूस आलाच नसावा. गोऱ्या त्या उताऱ्यापुढं मुका व्हायचा. म्हणून मी तुझ्या डाव्या कानाशी कुजबुजून ओळ सांगायची आणि तू मागून मोठ्यानं म्हणायची असं ठरलं. माईक माझी कुजबुजही घ्यायचा आणि बाण अडायचा. मी आणखी हळू बोललो की तुला ऐकू यायचं नाही. त्यात भारनियमन. उतारा अर्ध्यावर यायचा आणि लाइट जायची, की पुन्हा पहिल्यापासून. अशा तीन संध्याकाळी गेल्या.

तिसऱ्या संध्याकाळी अंधारात बसल्या बसल्या तू उपाय सांगितलास. "तू हा उतारा एका कॅसेटवर वाचून ठेव. मी टेपचा इअरफोन कानात लावतो अन् मागोमाग बोलतो. आपण स्टेनो होय बे, मागोमाग जानं तं आपलं कामच हाय."

इतकं सोपं होतं. मी म्हणालो, "हो. रविवारी करतो."

तोवर तुमच्याकडे नवे साहेब आले होते. भला माणूस. त्यांनी तुला बोलावून सांगितलं होतं की सोमवारी माझ्यासमोर एक इंग्रजी पत्र करून दाखवा, दुसऱ्याचा हात न लागता. जमलं तर सगळा इंग्रजी पत्रव्यवहार तुमच्याकडे. नाही जमलं तरी नोकरी आहेच, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसा, चहा घ्या, घरी जा. ते चांगल्या मनानं म्हणाले. तुला त्या खुर्चीची भीती होती. "मले ते खुर्ची नको अशोक," तू म्हणाला होतास, "त्यापेक्षा घरी बसवा म्हना." घर, मुलीची शाळा, औषधं यांचं काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते एवढंच, की सकाळी ऑफिसला जाणारा सुधाकर काम करायला जातो आहे की बसायला.

रविवारी दुपारी क्लासवर मी एकटा होतो. टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली, पडद्यावर उतारा उघडला, बटण दाबलं. दोन ओळी वाचल्या. आणि मनात आलं, मी मोठ्यानं वाचतोच आहे, तर मशीनलाच का ऐकवू नये? चारला लाइट जाणार होती. संध्याकाळी तुला आणा, बसवा, कॅसेट पुढं-मागं करा, पुन्हा अडलं तर? आवाज म्हणजे आवाज, दोघंही आंजीचे, दोघांचं इंग्रजी एकाच सरांचं. पुढं वापरता वापरता मशीन तुला ओळखेलच. ही सगळी कारणं मी त्याच वेळी मनात तयार केली, म्हणजे चूक आहे हे मला त्याच वेळी माहीत होतं. कॅसेट बंद केली. माईक ओढला आणि वाचत गेलो.

बावीस मिनिटं. बाण एकदाही अडला नाही. सुधाकर, खरं सांगतो, मला मजा आली. माझ्या आवाजामागं कधी कोणाची पेन्सिल धावली नव्हती. तो बाण धावत होता. उतारा संपला तेव्हा मशीननं नाव विचारलं. मी तुझं टाइप केलं.

संध्याकाळी तुला सांगितलं, "झालं. त्या तीन दिवसांतलंच जोडून पुरं केलं." तू विचारलंस, "कॅसेट?" मी म्हणालो, "गरज नाही पडली." तू बोलून पाहिलंस. निम्मे शब्द चुकले. गोऱ्यानं कानात वाचलं ते ऐकून तू कपाळाला आठ्या घातल्यास. "हे काय बोलून राह्यला हा?" आणि मी म्हणालो, "पहिल्या दिवशी कोणता स्टेनो शंभरच्या स्पीडनं लिहितो? शिकेल." तू माझं ऐकलंस. मशीनमधलं मला कळतं, असं तू मानायचास.

सोमवारी आपण रिक्षातून मशीन नेलं, तू मांडीवर सीपीयू घेऊन बसला होतास, लहान मूल घ्यावं तसा. साहेबांच्या खोलीत बडे बाबू होते, एक क्लार्क होता, दाराशी शिपाई. साहेबांनी पहिलं वाक्य सांगितलं. साधं इंग्रजी होतं, आपल्या पत्राच्या संदर्भात कळवण्यात येते की वगैरे. तू तुझ्या त्या डिक्टेशनच्या आवाजात ते उच्चारलंस. पडद्यावर जे उमटलं त्याला पत्राशी काही संबंध नव्हता. गोऱ्यानं ते तुझ्या कानात वाचलं. तू वाक्य खोडलंस, पुन्हा बोललास. मग पाणी मागितलंस. मग एकेक शब्द सुटा करून, चाळीसच्या स्पीडनं, नवशिक्यांना सांगावं तसं बोललास. बडे बाबू खाली फरशीकडं बघत होते.

तेव्हा साहेब मला म्हणाले, "मशीनमध्ये काही बिघाड असेल. तुम्ही बोलून बघा बरं."

मला नाही म्हणता आलं असतं. माझा घसा बसला आहे असं सांगता आलं असतं. त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं; सांगितलं असतं तर साहेब हसून म्हणाले असते, मग उद्या या. मी वाकून माईक माझ्याकडं वळवला आणि ते वाक्य बोललो. ते संपूर्ण आलं. एक स्वल्पविराम सोडला तर बिनचूक.

हेडफोन तुझ्याच कानावर होता. माझं वाक्य गोऱ्यानं तुलाच वाचून दाखवलं.

तू हेडफोन काढलास, टेबल चाचपून कडेपासून आत ठेवलास आणि म्हणालास, "मशीन बरोबर हाय साहेब. माह्याच आवाजात आता काई राह्यलं नाई."

आणि आता ते, जे मी स्वतःलाही कधी धड सांगितलं नाही. पडद्यावर माझं वाक्य पूर्ण उमटलं तेव्हा तुझ्याकडं बघण्याच्या आधी, एखादा क्षणभर, मला बरं वाटलं. दोनदा नापास झालेल्या माणसाला वाटावं तसं. लाज नंतर आली, खूप आली, अजून आहे. पण आधी ते आलं होतं. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नव्हता.

खाली टपरीवर चहा घेताना मी म्हणालो, "पुन्हा एकदा करून पाहू. कॅसेटवर." तू म्हणालास, "राहू दे." मी आग्रह केला नाही. तू समजलास की मी तुझं मन जपतो आहे. तसं नव्हतं. पुन्हा केलं असतं आणि चाललं असतं, तर आधी का चाललं नाही हे तू विचारलं असतंस. आणि एकदा खोटं बोललो होतो, दुसऱ्यांदा तुझ्या तोंडावर बोलता आलं नसतं. म्हणून तू विचारणार नाहीस अशी व्यवस्था मी आठ वर्षं ठेवली.

ती आठ वर्षं तू खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलास. वेळेवर जायचास, अगदी दहाला. पण बोलणं आटत गेलं. रविवारी आर्वीहून दोघी पोरी एसटीनं यायच्या, तुझ्याकडून शंभरच्या स्पीडचं डिक्टेशन घ्यायला. त्यांना तू अंगणातूनच परत पाठवलंस. "माह्या आवाजात लिहून घेता येत नाई, बाई. मशीननं सांगतलं." त्यातली एक रडवेली होऊन माझ्याकडं आली, सर तुम्ही सांगा ना त्यांना. मी म्हणालो, तब्येत बरी नसते त्यांची.

आणखी एक. हिंगणघाटचे एक अंध शिक्षक माझा पत्ता शोधत आले होते. त्यांनी विचारलं, स्क्रीन रीडरबरोबर डिक्टेशनचं सॉफ्टवेअर चालतं का? मी म्हणालो, "नाही चालत. आम्ही करून पाहिलंय." आपल्या भांडणात मी तुझी बाजू घेतली, सुधाकर, तीही अशी. ते गृहस्थ आभार मानून निघून गेले. त्यांचा पत्ता मी घेतला नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी सांगायचं ठरवून आलो होतो. स्टुलावर बसलो. तू आवाजावरून नाही, चपलेच्या घासण्यावरून मला ओळखलंस. "क्लास कसा चालू हाय?" "बरा आहे." मग तूच म्हणालास, "तीन संध्याकाळी तू माह्या कानाशी बसून खपलास. सख्खा भाऊ नाई करत बे कोनाचा." मी तुझा हात धरला. बोटांना कळत नव्हतं म्हणून मनगटाजवळ धरला. आणि बोललो नाही. तुझे आभार तसेच घेऊन घरी गेलो. ते परत करायचे राहिले आहेत.

माझ्याकडं तुझं किती आहे याचा विचार या दिवसांत करत होतो. आज क्लासमध्ये तीस पोरांसमोर उभं राहून मला बोलता येतं ते तुझ्यामुळं. तूच मला शिकवलंस, वाक्य संपेपर्यंत श्वास पुरला पाहिजे, घाई करू नको, समोरच्याचा हात चालू आहे हे ध्यानात ठेव. मशीनला जो आवाज बिनचूक कळला, त्याची घडण तुझीच होती. हे मला आत्ता लिहिता लिहिता दिसतं आहे आणि त्यानं बरं वाटावं की वाईट, ते कळत नाही.

तेरवीनंतर चार दिवसांनी मी वहिनींकडं गेलो. त्या ओसरीवर बसल्या होत्या. सगळं सांगितलं, वर लिहिलं तसं, बरं वाटलं तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कॅसेट भराले किती वेळ लागला अस्ता, भाऊजी?"

"अर्धा तास."

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "हे मले काऊन सांगून राह्यले? त्याईचा आवाज मी रोज आयकत होती. मले कोन्या मशीननं सांगाले नाई पाह्यजे. त्या खोलीत ज्याईनं पाह्यलं, त्याईले जाऊन सांगा." आणि मी उठलो तेव्हा, "चहा घेऊन जा" असं त्या म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

साहेब बदलून गेलेत, क्लार्क आणि तो शिपाईही. बडे बाबू आहेत, त्यांचीही निवृत्ती जवळ आली आहे. काल त्यांच्या टेबलापाशी उभा राहून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हनजे मशीन त्याले ओळखतच नव्हती?"

"नाही. मला ओळखत होती."

"अन् आमी त्याले आठ वर्स बसवून ठेवलं." मग विचारलं, "त्याचा आवाज शिकवला अस्ता तं चाललं अस्तं?"

हो म्हणालो असतो तर तुझी बाजू राहिली असती. नाही म्हणालो असतो तर माझी. "माहीत नाही, बडे बाबू," मी म्हणालो, "ते कधी करून पाहिलंच नाही."

ते उठले आणि कपाटातून तुझं सर्व्हिस बुक काढलं. त्या सोमवारच्या तारखेला साहेबांनी शेरा लिहिला होता. चाचणी घेतली असता यंत्रावर काम करण्यास असमर्थ. खाली सही. तुला कोणी तो वाचून दाखवला नसावा. बडे बाबूंनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"तोंडी नको. लिहून द्या. याच्यामागं लावतो."

"आता काय उपयोग त्याचा?"

"उपयोगाचं नंतर पाहू. हा शेरा राह्यते, तं याच्यामागं हेबी राह्यलं पाह्यजे."

शिपायाच्या स्टुलावर बसून मी लिहिलं. उपरोक्त चाचणीच्या वेळी यंत्रास कै. सुधाकर यांचा आवाज शिकवलेला नव्हता. त्यांच्या नावे खाली सही करणाऱ्याचा आवाज नजरचुकीने नोंदवला गेला. सबब सदर चाचणी त्यांची झालेली नाही.

बडे बाबूंनी तीन ओळी सावकाश वाचल्या. मधल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"नजरचुकीनं झालं का, अशोकराव?"

"नाही."

"मंग?"

मी तो शब्द खोडला. वर 'जाणूनबुजून' लिहिलं आणि खाली सही केली.